अंगठा पोहोचत नाही

आमच्या छोट्या दोन आसनी विमानाच्या नियंत्रण-दांड्यावरची मूठ झिजली होती, म्हणून हँगरमधल्या टेबलावर तीन नव्या मुठी मांडल्या होत्या. विमान सुधीररावांचं आणि माझं, भागीदारीतलं. त्यांनी लगेच लढाऊ विमानात शोभेल अशी, बटणांनी भरलेली जाडजूड मूठ उचलली. "काय रुबाब आहे हिचा!"

मी ती धरून पाहिली. रेडिओवर बोलायच्या बटणापर्यंत माझा अंगठा पोहोचेना. हात वर सरकवला, तर पकडच सुटायला लागली.

"होईल सवय, मॅडम," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वयंपाकाचा ओटा उंच झाला तेव्हा हेच ऐकलं. स्कूटरवरून पाय टेकेनात तेव्हाही हेच. वस्तू घडवणाऱ्याने कोणाचा तरी हात मोजलेला असतोच, फक्त तो माझा नसतो. आणि वर चूक मात्र माझ्या हाताची! अहो, विमान मूठ आवळून उडवत नाहीत, दांडा बोटांनी हलकेच धरतात. उतरताना आडवा वारा आला, तर मी बटण शोधू की दांडा सांभाळू? सवय व्हायला वेळ लागतो, आणि जमीन काही थांबत नाही.

सकाळी मीच उडवून आले होते, त्यामुळे सीट माझ्या मापाने पुढे ओढलेली होती. मूठ लावून पाहायला सुधीरराव विमानात शिरले आणि त्यांचे गुडघे समोर अडकले. सीट मागे घ्यायला त्यांनी खाली हात घातला.

"राहू द्या की," मी म्हणाले. "होईल सवय."