गौसच्या पिशवीतून काय गेलं

वळसंगहून आमच्या गावाला टपाल आणणाऱ्या गौसला दोघांनी भरदुपारी अडवलं, डोळ्यांत तिखट टाकलं आणि पिशवीतली एकच वस्तू घेऊन पळाले. पत्रं तशीच रस्त्यावर टाकून गेले. सोलापूरहून आलेल्या टपालखात्याच्या साहेबांनी त्याला बजावलं, तपास लागेपर्यंत काय गेलं ते कुणाला सांगायचं नाही. गौस सरळ माणूस, तोंडाला कुलूप लावून बसला. आमच्या गावात गप्प बसणाऱ्याइतका मोठा गुन्हेगार दुसरा नाही.

पारावर तर्क सुरू झाले. सोमशेखरनं छातीठोक सांगितलं, पोराची नोकरीची ऑर्डर त्यातच होती. पोरगं परीक्षेलाच बसलं नव्हतं, पण ते त्याच्या तोंडावर म्हणणार कोण? मग म्हातारी कमलम्मा बोलली. तिचा मुलगा सोमेश चिंचोळी एमआयडीसीत कामाला, गावाकडं कधी फिरकत नाही. त्यानं म्हणे आईला सोन्याच्या पाटल्या धाडल्या होत्या. झालं. गौसच्या लेकीचं, सनाचं लग्न वैरागला ठरलेलं, तारीखही धरलेली. लोकांनी लगेच मेळ घातला: बापानंच चोरीचं सोंग केलंय, पाटल्या पोरीच्या हातात जाणार. जो तो पदरचं तिखटमीठ लावून हे पुढं ढकलत होता.

ते वैरागपर्यंत पोचलं. होणाऱ्या व्याह्यांनी येऊन सरळ विचारलं, पिशवीत होतं तरी काय? गौस म्हणाला, सांगायला मनाई आहे. एवढ्यावर सोयरीक मोडली. मला तर गौसचाही राग येतो. पोटच्या पोरीपेक्षा साहेबाचा हुकूम मोठा धरायचा असतो का?

पुढं चोर सापडले. गेलेलं निघालं काय, तर खात्यातले पैसे देताना लोकांचा अंगठा घ्यायचं यंत्र. गाव हिरमुसलं. माफी कुणी मागितली नाही, आणि वैरागच्या मुलाचं एव्हाना दुसरीकडं जमलंही होतं.

कमलम्मा तेवढी गौसच्या घरी आली. सनानं तिच्यापुढं चहा ठेवला. गौसनं विचारलं, "आक्का, सोमेशनं तुमाला कवा काय धाडलंय का? आणणारा मीच की."

"न्हाय धाडलं. मला ठाव हाय की," म्हातारी म्हणाली. "पर जो तो विचारत व्हता, तुजं काय गेलं म्हणून. माजं कायबी न्हाय गेलं, असं सांगू व्हय?"

सनानं तिच्यापुढचा कप उचलला, चहा मोरीत ओतला आणि कप विसळायला घेतला.