डावा कौल

ही गोष्ट मी साठ वर्षं कुणाला सांगितली नाही. सांगायचे प्रसंग आले नाहीत असं नाही. आमच्या गावात अजूनही लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विषय काढतो, की देवीनं फुटबॉलचा कोच बदलला आणि गावाला लीग जिंकून दिली. बाहेरचे पाहुणे चकित होतात. मग सांगणारा माझ्याकडे बोट करतो, "ह्यांका इचारा, कौल ह्यांनीच लावलेलो." मी मान हलवतो आणि वाढप्याकडे पाणी मागतो. तेव्हा हॉटेलातल्या बाकावर बसून वाद घालणाऱ्यांपैकी आता मी एकटाच उरलो आहे. मी गेलो की खोटी गोष्टच खरी होऊन बसेल, म्हणून हे लिहितो.

गोवा त्या वेळी अजून पोर्तुगीजांकडे होता. भातकापणी उरकली की खाडीलगतच्या मळ्यात गोलाचे बांबू उभे राहायचे आणि शिमग्यापर्यंत तिथं फुटबॉल चालायचा. किनाऱ्यावरच्या सात गावांनी मिळून लीग सुरू केली होती. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, जिंकलं की दोन पॉइंट, बरोबरी झाली तर एक.

आमच्या टीमच्या कोचना सगळे पात्रांव म्हणत. पात्रांव म्हणजे मालक, गोव्याकडून आलेला शब्द. प्रत्यक्षात ते कुणाचेच मालक नव्हते. गावातलंच जुनं ख्रिश्चन घर. तरुणपणी मुंबईला गोदीत नोकरी करून तिथल्या टीममधून खेळले, गुडघा निकामी झाला तसे परत आले. बागायतदारांकडचे इंजिनाचे पंप दुरुस्त करून पोट भरायचे. बायको लवकर गेली होती, मूल नव्हतं. दुपारी चार वाजले की हाताचं काळं तेल राखेनं घासून काढायचे आणि लंगडत मळ्यात यायचे. चेंडू दिसेनासा होईपर्यंत तिथंच. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. जे काही होतं ते त्या मळ्यात होतं.

त्या वर्षी मिठबावच्या टीमकडून आम्ही चार गोलांनी हरलो. आमचा एकही नाही. गाव हादरलंच. दुसऱ्या दिवशी एस.टी. थांब्याजवळच्या हॉटेलात बसायला जागा नव्हती.

"चार गोल खावन घराक इले," हॉटेलवाला कपबशा आपटत म्हणाला. "माजी म्हस गोलात उभी केलंय असती तरी एवढे सोडूची नाय."

"तुजी म्हस आडवी झाली तर आख्खो गोलच भरतलो," तांडेल म्हणाला. तांडेल म्हणजे मच्छीमार होडीचा प्रमुख. आमच्या गावात त्याच्याएवढा पात्रांवांचा पाठीराखा दुसरा नव्हता.

"हसण्यावारी नेव नको. पाच मॅची उरल्यात. पयल्या नंबराक आमच्यापरस तीन पॉइंट जास्ती आसत. आता कोच बदलूक नाय तर कधी बदलूचो? पुढच्या जन्मात?"

"एक दिस जाळा रिकामा इला म्हणान कोण तांडेल बदलता?"

"जाळा नीट टाकल्यान तर रिकामा येयत कशाक? बॉल म्हणजे काय सरप आसा, सगळो वेळ जमनीवरसून सरपटवत नेवक? हवालदाराक बघ. एक किक मारता ती माडाच्या शेंड्याक लागता."

हवालदार पलटणीतून निवृत्त होऊन नुकतेच गावी आले होते. उंच किक आणि पहाटेची कवायत यांच्या जोरावर लीग जिंकता येते असं त्यांचं म्हणणं होतं.

मी बाकावर पुढं सरकलो. मग म्हणालो, "पात्रांवांचो काळ गेलो. हवालदारांका आणा."

मी त्याच हंगामात दिवाळीनंतर महिनाभर टीमचा गोलकीपर होतो. बोटाच्या दुखण्यानं बाहेर बसलो होतो. आतला माणूस बोलतोय म्हणजे काही तरी असणार, असं सगळ्यांना वाटलं. तांडेलानं माझ्याकडे बघितलं आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

खरं म्हणजे माझ्या बोटाला काही झालेलं नव्हतं. पात्रांवांनी मला एकदा गोलाच्या मागं नेऊन हळू आवाजात सांगितलं होतं, "तू बॉल येताना डोळे मिटतंस रे. भियेवचा काय लाजेचा नाय. पण गोलात उभो ऱ्हवान भियेलंस तर चलाचा नाय." मग खिशातली चिंधी काढून त्यांनी स्वतःच माझ्या बोटाला बांधली आणि पोरांना सांगितलं की ह्याचं बोट मुरगळलंय. माझी लाज राखण्यासाठी. मी ती चिंधी आठ दिवस बांधून फिरलो आणि त्या आठ दिवसांत त्यांचा द्वेष करायला शिकलो. त्यांनी मला चारचौघांत काढून टाकलं असतं तर कदाचित मी भांडून मोकळा झालो असतो. त्यांचा चांगुलपणा मला सहन झाला नाही.

टीमच्या मंडळाची बैठक भरली. पाच जण पात्रांवांच्या बाजूनं, पाच हवालदारांच्या. रात्रीपर्यंत सहावा कोणीकडे वळेना. शेवटी हॉटेलवाला म्हणाला, "देवीक इचारूया." आणि सगळ्यांनी मान डोलावली, कारण आमच्याकडे विहीर कुठं खणायची, मुलगी कुठं द्यायची, हरवलेली म्हैस कुठल्या दिशेला शोधायची, हे सगळं देवीलाच विचारलं जायचं. फुटबॉल तेवढा राहिला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिटकुळीच्या झुडपाच्या ओल्या कळ्या देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना चिकटवतात. गावचा मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीपुढं प्रश्न मांडतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कळ्या लावायचं काम आमच्या घराकडं होतं. वडील पुजारी होते, पण त्या आठवड्यात हिवतापानं अंथरुणात होते. म्हणून त्या सकाळी मी गेलो.

गाभाऱ्यात मी एकटाच होतो. बाहेर सभामंडप भरत होता. समईत वात सारताना बोटाला तेल लागलं. ते पुसायला मी पंचा घेतला आणि थांबलो. मग ते बोट पाषाणाच्या डाव्या बाजूवर, जिथं कळी लागते तिथं, फिरवलं. ठरवून गेलो नव्हतो, हे खरं आहे. पण दुसऱ्यांदा समईत बोट बुडवून परत फिरवलं, हेही खरं आहे.

पात्रांव आले होते. रविवारी ते चर्चला जात आणि जत्रेला त्यांच्या घराचा नारळ देवीला येई, आजोबांपासून. त्या दिवशीही नारळ घेऊन अनवाणी, टोपी हातात धरून, ते खांबाजवळ उभे होते. पोरं त्यांच्या भोवती होती.

मानकऱ्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. "बाय माजे आवशी, पोरांच्या खेळाचो इस्कोट झालो हा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. पात्रांवही म्हणाले.

"ह्यो आमचो पात्रांव ह्या कामार ऱ्हवाचो आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी आणि..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. डावी कळी घसरली आणि खाली पडली.

एवढ्या लवकर कौल पडलेला कुणी कधी पाहिला नव्हता. कळ्यांसाठी कधी तासभर ताटकळावं लागतं. मी स्वतः तेल लावलेलं, तरी माझ्या अंगावर काटा आला. क्षणभर मलाच वाटलं की हे देवीनं केलं.

पात्रांवांनी नारळ उंबऱ्यावर ठेवला. गळ्यातली शिट्टी काढून शर्टाला पुसली आणि हवालदारांच्या हातात दिली. "देवीचो शब्द. माका मान्य आसा," एवढंच म्हणाले. मग पोरांकडे वळून, "लेफ्ट-औटाच्या बुटाक खिळो वर इलो हा, तो ठोकून घेवा." आणि लंगडत पायऱ्या उतरले. मला वाटलं होतं ते चिडतील, वाद घालतील. मी त्याची तयारी केली होती. मान्य आहे, असं कुणी म्हणेल याची केली नव्हती.

पुढचे पाच सामने आम्ही हरलो असतो तर बरं झालं असतं. आम्ही चार जिंकलो, एक बरोबरीत सुटला आणि एका पॉइंटनं लीग आमची झाली. हवालदार पहाटे कवायत घ्यायचे, बाजूला उभं राहून "उंच मारा" म्हणून ओरडायचे. पण पोरं खेळत होती ते पात्रांवांचंच, जमिनीवरून, छोट्या पासांनी. त्यांना दुसरं येतच नव्हतं. हे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसायला हवं होतं. पण सगळ्यांना देवी दिसत होती. "देवीचा सत्या बघा," लोक म्हणत. मीही म्हटलं.

त्यानंतर जे झालं त्याचा मी विचारच केला नव्हता. पावसाळा संपला, बागांचे पंप सुरू करायचे दिवस आले. एका बागायतदारानं या वेळी पात्रांवांना न बोलावता मालवणहून मेकॅनिक आणला. हॉटेलात कुणीतरी विचारलं तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "तसा काय नाय. पण देवीन ज्येका नको म्हटल्यान, तेच्या हातान पयला पाणी काढूचा म्हणजे..." वाक्य त्यानं अर्धवट सोडलं. तांडेल त्याच्यावर धावून गेला, तरी पुढच्या महिन्यात आणखी दोघांनी तेच केलं. प्रश्न फुटबॉलचा होता, उत्तर माणसाला चिकटलं. मी बाकावर बसून हे ऐकत होतो. माझा चहा निवून साय धरत होता.

मग एका मंगळवारी पात्रांव आमच्या अंगणात आले. वडील ओटीवर होते, मी माजघरात दाराआड.

"दुसऱ्या कोणाक इचारू? तुमीच सांगा," ते वडलांना म्हणाले. "माज्या हातसून काय चुकला? देवीन एवढ्या झटक्यान माका कित्याक लोटल्यान? रातभर आठवतंय, काय्येक गावणा नाय."

हिवतापातून उठल्यावर पाषाण वडलांनीच धुतला होता. तेलाचा हात त्यांना कळला नसेल, असं मला कधीच वाटलं नाही. ते म्हणाले, "देवीक ठावक," आणि माजघराच्या दाराकडे बघितलं. त्या दिवसापासून त्यांनी मला कळ्यांना हात लावू दिला नाही. का, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

गोवा मोकळा झाला त्या हंगामात पात्रांव म्हापशाकडे बहिणीच्या घरी निघून गेले. त्यांना पोचवायला एस.टी. थांब्यावर फक्त तांडेल आला होता.

पाच वर्षांनी वडील वारले. त्यांचे दिवस झाल्यावर मी गोव्याची बस पकडली. आता सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. घर सापडायला वेळ लागला नाही. समोरच मैदान होतं आणि वीस-पंचवीस पोरं चेंडूमागं धावत होती. त्या बाजूच्या खिडक्या तेवढ्या बंद होत्या.

मला बघून पात्रांवांना खरोखरचा आनंद झाला. बहिणीला हाक मारून त्यांनी चहा मागवला, गावातल्या एकेकाची चौकशी केली. मी म्हटलं, "हयसर तर दारातच फुटबॉल. तुमी पोरांका शिकवणा नाय?"

"नाय रे," ते म्हणाले. "बघणायसुद्धा नाय. माजी नजर लागली तर हरतली बिचारी."

मला आधी ती थट्टा वाटली. मी हसलोसुद्धा. ते हसले नाहीत.

"मी होतंय तवसर चार चार गोल खाल्लास. मी गेलंय आणि लीग जिंकलास. ह्याच्यापरस मोठी साक्ष खंयची?" मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि बहिणीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "एक खरा सांग. तू देवीच्या घरचो. तिचो राग गेलो काय रे?"

मी तोंड उघडलं. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. आणि मी म्हणालो, "गेलो. बाबांनी जावच्या आधी तुमच्या नावान कौल लावल्यानी. उजवो इलो."

असा कौल कुणी लावलेला नव्हता. ते दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसून राहिले आणि लहान मुलासारखे रडले. थोड्या वेळानं उठून त्यांनी मैदानाकडची खिडकी उघडली. परतीच्या प्रवासात मी स्वतःला समजावलं की झालं ते ठीक झालं, त्यांना हवं ते मिळालं. पण ज्याचा काही गुन्हा नव्हता त्या माणसाला मी माफी देऊन आलो होतो. मागायची होती मी, आणि दिली होती देवीच्या नावानं. दुसऱ्यांदा.

परत जाऊन सांगू, म्हणत राहिलो. पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीचं पत्र आलं की ते गेले. शेवटचे काही महिने ते संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे, असं तिनं लिहिलं होतं, आणि त्याबद्दल माझे आभार मानले होते. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

त्या दिवशी निघताना ते मला बसपर्यंत सोडायला आले होते. कंडक्टरनं घंटी मारली तरी खिडकीतून माझा हात धरून उभे होते. म्हापशाला जाताना सबंध रस्ताभर मी मनात घोकलेलं वाक्य तेव्हाही माझ्या जिभेवर होतं. आजही जसंच्या तसं पाठ आहे.

पात्रांव, देवी तुमच्यार कधीच रागावलेली नाय. तेल मी लावलेलंय. माका माफ करा.