मधला वाफा

माझा दादा घाबरट आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगते आणि तो मान डोलावतो. फोन वाजला की आधी तो दचकतो, मग चष्मा शोधतो, आणि तोवर फोन बंद झालेला असतो. चपला घ्यायला गेला तर दोन जोड पुढ्यात ठेवून अर्धा तास बसतो आणि शेवटी वहिनी म्हणेल तो उचलतो. अशा माणसावर अख्ख्या मैदानाचं गवत निवडायची वेळ आली.

दादा गोल्फच्या मैदानावर हेडमाळी होता. पहिला फटका मारतात तिथपासून थेट भोकाजवळपर्यंत जो लांबलचक कापलेला पट्टा असतो, त्याला फेअरवे म्हणतात. असे अठरा फेअरवे, आणि सगळ्यांवरचं गवत म्हातारं झालेलं. ते बदलायचं ठरलं तेव्हा दादाने उन्हात जोमाने वाढणाऱ्या तीन जाती नर्सरीतून मागवल्या आणि अवजारांच्या शेडमागे तीन वाफ्यांत लावल्या. तीन वर्षं तो त्या वाफ्यांपाशी उकिडवा बसलेला असायचा. अलीकडच्या वाफ्यातलं गवत बारीक आणि कडक, पण त्याला सावली सोसेना. पलीकडचं थंडीतही हिरवंगार राहायचं, पण त्याची इतकी जाड गादी व्हायची की चेंडू रुतून बसायचा. मधलं मात्र बारीक पातीचं, कडक, आणि थंडीतही हिरवं. दोघांचे गुण एकात. दादाने कागदावर 'मधलं' असं लिहून सही केली आणि दोन दिवस त्याला धड जेवण गेलं नाही.

हे गवत बियांनी पेरत नाहीत. जमिनीवर पसरणाऱ्या त्याच्या काड्यांचे तुकडे करून लावतात, आणि प्रत्येक पेरातून नवं रोप फुटतं. नर्सरीवाल्यांनी ट्रक भरभरून तुकडे पाठवले आणि उन्हाळ्यातच मैदान भरून आलं. सेक्रेटरीसाहेबांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. आमचे बंधू त्या थापेलाही दचकले.

मग थंडी पडली आणि आठवड्याभरात अठराच्या अठरा फेअरवे वाळक्या पेंढ्याच्या रंगाचे झाले. शेडमागचा मधला वाफा मात्र तसाच हिरवा होता. साहेबांनी दोन्ही पाहिलं आणि निकाल दिला, की निवड बरोबर होती, माल चुकीचा आला. नर्सरीवाले वीस वर्षं या मैदानाला रोपं देत आलेले वयस्कर गृहस्थ. ते परोपरीने सांगत होते की मी मधलंच दिलं, हे गवत थंडीत झोपतं, ऊन तापलं की उठेल. पण समोर हिरवा वाफा दिसत असताना त्यांचं कोण ऐकणार? येत्या शुक्रवारची बैठक ठरली. त्यांचं नाव माल पुरवणाऱ्यांच्या यादीतून काढायचं आणि बाकीच्या मैदानांनाही तसं पत्र पाठवायचं. त्यांचा सगळा धंदा या मैदानांवरच चालायचा.

दादाला हायसं वाटायला हवं होतं. तो तर पांढराफटक पडला. सोमवारी दुपारी मधल्या वाफ्यातलं मूठभर गवत मातीसकट कापून, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून तो माझ्याकडे आला.

मैदानाने हेडमाळ्याला दिलेल्या फाटकाजवळच्या दोन खोल्यांना लागूनच माझी खोली होती. मी कपडे शिवते. बारीक कामासाठी माझ्याकडे स्टँडवरचं भिंग आहे. तो म्हणाला, सगळी पाती एकसारखी आहेत का, तेवढं बघ. मी सुईने एकेक काडी सोडवून पांढऱ्या कापडावर मांडत गेले. तासाभरात दोन ढीग झाले. एकातली पाती बारीक आणि वाळकी, दुसऱ्यातली रुंद, जाड पेरांची, हिरवी. मी एका जुडीला पांढरा दोरा बांधला, दुसरीला लाल, आणि विचारलं, याचा अर्थ काय?

दादा कपड्यांच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कापणीच्या मशीनच्या पात्यांत पेराचे तुकडे अडकतात आणि पुढच्या वाफ्यात पडून रुजतात. म्हणून वाफा बदलताना मशीन धुवायचं, असा नियम आहे. तो शेडच्या भिंतीवर दादानेच मोठ्या अक्षरांत रंगवला होता. पण या वाफ्यांवर वेळ घालवतो म्हणून साहेब ओरडतील, या भीतीने दादा ते जेवणाच्या सुट्टीत कापायचा. नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. धुवायला गेलं की वीस मिनिटं जायची. म्हणून तो आधी पलीकडचा वाफा कापायचा आणि मशीन तसंच मधल्यात घालायचा.

"तीन वर्षं?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा."

म्हणजे मधल्या वाफ्यातली हिरवाई पलीकडच्या गवताची होती. नर्सरीवाले खरं बोलत होते.

मी काय केलं ते सांगते. मी म्हटलं, हे आपल्या दोघांशिवाय कोणाला माहीत नाही, तू गप्प बस. उद्या तो वाफा खणून टाक. तुझी जागा गेली तर हे घर जाईल, वहिनीने कुठे जायचं? नर्सरीवाल्यांचं काय, ते सावरतील. वहिनी ओल्या हातांनी दारात उभी होती. 'ते सावरतील' या माझ्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

पुढचे तीन दिवस घरात भीतीच राहायला आली होती. दादा घास हातात धरून बसायचा. फाटक वाजलं की उठून उभा राहायचा. शर्टाची बटणं त्याला लागत नव्हती, ती वहिनी लावून द्यायची. मी धीट म्हणवते स्वतःला, पण मीही एक बाही उलटी शिवली, उसवली आणि पुन्हा उलटीच शिवली. गुरुवारी तो फावडं घेऊन वाफ्याकडे गेला. परत आला तेव्हा फावड्याला माती नव्हती. मी त्याच्यावर फार चिडले.

शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "ऑफिसपर्यंत चल ना माझ्याबरोबर." त्याच्या हातात बिस्किटांचा डबा होता. तो सगळं सांगणार हे तेव्हाच मला कळलं. तरी गेले.

बाहेरच्या बाकावर नर्सरीवाले बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वीस वर्षांच्या पावत्यांची पिशवी. त्यांनी दादाला नमस्कार केला. दादाला तो परत करता आला नाही. तो आत गेला. मी खिडकीशी उभी राहिले.

पहिलं वाक्य तो तोंडातल्या तोंडात बोलला. साहेबांनी पुन्हा बोलायला सांगितलं.

"साहेब, माल बरोबर आहे. माझा वाफा चुकीचा होता. मशीन मी धुतलं नाही." त्याने डबा उघडून माझ्या दोऱ्यांनी बांधलेल्या दोन्ही जुड्या टेबलावर ठेवल्या.

साहेबांनी लाल दोऱ्याची जुडी उचलून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "हे आणखी कोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही," दादा म्हणाला. मी खिडकीपासून बाजूला झाले.

"मग आज कशाला सांगितलंत?"

"भीती वाटली, साहेब."

"कसली?"

"ते बाहेर बसलेत. न सांगता निघालो असतो, तर त्यांच्यासमोरून जावं लागलं असतं."

पत्र गेलं नाही. दादाचं हेडमाळीपण गेलं, महिनाअखेर घरही गेलं. पूर्वी त्याच्या हाताखाली असलेला माळी आता हेड आहे आणि दादा त्याच्या हाताखाली. ऊन तापल्यावर अठराही फेअरवे हिरवे झाले. कौतुक नव्या हेडमाळ्याचं झालं, आणि ते सगळ्यात आधी दादाने केलं.

आम्ही तिघं आता गावात एका भाड्याच्या घरात राहतो. फोन वाजला की दादा अजून दचकतो. नर्सरीवाले कधीमधी येतात. दादा दार उघडतो, त्यांना खुर्ची देतो, दोघं तासभर गवतावर बोलतात. मी शिलाई मशीनवरून उठत नाही. दोरा ओवते आहे असं दाखवत मान खाली घालून बसते, ते जाईपर्यंत.