पाणंदीतला तेविसावा इसम

ती घटना आठवायला मला डोकं खाजवावं लागत नाही. समजायला मात्र अजूनही लागतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आरोपी सापडत नाही म्हणून नव्हे, तर फारच सापडले म्हणून घाम फुटला, अशी ही एकच केस.

कुरुळीच्या शिवारात एक पाणंद आहे. दोन शेतांमधली जुनी वाट, बैलगाडी जाईल एवढी. म्हणजे सरकारी नकाशात आहे. प्रत्यक्षात ती कधीच नांगरली गेली, आणि लोक चालतात ते शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बांधावरून. गाव त्यांना आबा म्हणतं, आपणही म्हणू. पाणंद म्हणतात ती आता त्या बांधालाच. सकाळी तिथून आबांच्या म्हशी जातात, कंपनीची बस गाठायला निघालेल्या बायका जातात, नव्या सोसायटीतले पळणारे जातात, आणि या सगळ्यांना हॉर्न मारत मोटारसायकलवाले.

एके दिवशी गळ्यात हात बांधलेला एक तरुण कामगार ठाण्यात आला. परभणीकडचा. पाणंदीत समोरून म्हैस आली, त्याने गाडी वळवली, ती दगडांच्या गुडघाभर ढिगावर चढली आणि खांद्याचं हाड मोडलं.

"साहेब, ढीग रोज वाढायलाय. कुणीतरी मुद्दाम करायलंय."

"संशय कुणावर?"

"आबावर. हॉर्ननं म्हशी बुजतात म्हणून आठ दिवसांखाली माझ्यावर काठी उगारली होती."

ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली. दुपारी चहाच्या टपरीवरून खबरही आली की आबांना दगड ठेवताना टपरीवाल्याने स्वतः पाहिलंय. तक्रारदार आहे, हेतू आहे, साक्षीदार आहे. मी मिशीला पीळ दिला.

आबांना बोलावलं. आधी पाणी, मग प्रश्न, ही माझी पद्धत. घाबरलेला माणूस पाणी पितो; लपवणारा ग्लास नुसता धरून बसतो. आबांनी एका दमात संपवून दुसरा ग्लास मागितला.

"दगड तुम्ही ठेवता?"

"व्हय."

लेखनिकाने पेनचं टोपण काढलं.

"किती?"

"येक. रोज."

"आणि बाकीचे?"

"त्ये ज्याचं त्यानं सांगावं. समदी ठेवत्यात म्हून मी बी ठिवतो. म्हशी सुखरूप घरला येत्यात." मग आवाज चढला. "साहेब, उभ्या जन्मात ठाण्याची पायरी चढलो न्हाई. माझ्यावर गुन्हा घातला तर उद्याच बांधाला तार वढीन. जमीन माझी हाय. जाऊ द्या समद्यांना हमरस्त्यानं."

तो हमरस्ता मला पाठ होता. कंटेनर, ट्रेलर, आणि कडेला पाय ठेवायला वीतभर जागा नाही. त्या बायका रोज तिथून चालल्या असत्या तर मला कसले पंचनामे करावे लागले असते, हे कोणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही साध्या वेशात पाळत ठेवली. हवालदार बोरीच्या आड यादी लिहीत बसला, मी कानटोपी घालून फिरायला आलेला. म्हशींमागून आबा आले, एक दगड ठेवून गेले. डबे घेतलेल्या बायका आल्या, एकेक दगड, कुणी वर नमस्कारही. कानात गाणी घातलेला एक पळणारा थांबला, वाकला, दगड ठेवून निघाला. त्याला अडवलं.

"का ठेवला?"

"सर, इथली ट्रॅडिशन आहे ना? रिस्पेक्ट म्हणून."

"कुणाला?"

"ते नाही माहीत, सर."

एक बाई म्हणाली देव आहे, दुसरी म्हणाली हद्द आहे. तिसरी म्हणाली, "पुढची ठेवते म्हणून मी ठेवते, साहेब. आपण नाही ठेवला अन् बस चुकली तर?"

गरगरत्या डोक्याने ठाण्यात परतलो. तक्रारदाराला बोलावलं, पाण्याचा ग्लास दिला आणि विचारलं, "तूही ठेवायचास?"

त्याने ग्लास नुसता धरून ठेवला.

"रोज नाही, साहेब. फर्स्ट शिफ्ट असली की."

"म्हणजे स्वतःच्याच दगडावर पडलास?"

"माझा लहान होता ओ!"

हवालदार तोंड फिरवून खोकला. मी रागाने त्याची यादी ओढून घेतली. "तेवीस नंबर. कानटोपीवाला इसम, एक दगड ठेवला, नाव विचारण्याचे धाडस झाले नाही. हा कोण?"

"साहेब," हवालदार छताकडे पाहत म्हणाला, "तो तुम्ही."

खरंच. पुढचा वाकला, मागोमाग मी वाकलो. मला आठवतही नव्हतं.

मग मी प्रश्न बदलला. दुसऱ्या सकाळी बायकांना थांबवून विचारलं, पहिला दगड कुणाचा, आणि कशासाठी? डबा पोटाशी धरून एक पुढे आली. "माझा. तीनच ठेवले होते, साहेब. पाइपलाइनसाठी खणलेला खड्डा तसाच उघडा होता. अंधुकात मागून येणारी पडू नये म्हणून खूण केली."

पंचांसमक्ष ढीग उपसला. खाली खड्डा निघाला, अर्धवट बुजलेला. एकीने पडू नये म्हणून केलेली खूण सगळ्यांनी मिळून एवढी वाढवली की लोक खुणेवरच पडू लागले.

त्याच दगडांनी आम्ही खड्डा भरला, वरून माती चोपली. तरुणाने तक्रार मागे घेतल्याचं डाव्या हाताने लिहून दिलं.

"तार न्हाई वढत," आबा म्हणाले. "पण त्यो हॉर्न?"

"पाणंदीत गाडी ढकलत नेईन, आबा."

"एका हातानं?"

"तुम्ही मागून धक्का द्या की."

नोकरीभर मी 'कुणी केलं?' एवढंच विचारत आलो. त्या पाणंदीत उत्तर 'सगळ्यांनी' आलं, त्यात मीही निघालो, आणि त्या उत्तराचा काडीचा उपयोग झाला नाही. उपयोगी पडला तो 'कशासाठी?' विचारल्यावर निघालेला खड्डा.

आता निवृत्तीनंतर मी तिथेच फिरायला जातो. म्हशी आल्या की बाजूला होतो. बोरीखाली, वाटेच्या कडेला, एक लहानसा ढीग पुन्हा उभा राहिलाय. देव की हद्द, मला अजून कळलेलं नाही. दगड मीही ठेवतो. फक्त ठेवण्याआधी वाकून खाली काय आहे ते बघतो.