साध्या पाण्याचा तांब्या

लातूर जिल्हा नवा होता आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी पडला नव्हता. त्या वर्षी मृग लागायच्या आधीच्या सोमवारी मी देवणी सोडली. अप्पांनी माझ्या हातात साठ रुपये ठेवले आणि गावच्या स्वामींच्या हातात अकरा. हजर होते ते एवढेच: अप्पा म्हणजे माझे वडील, अव्वा म्हणजे आई, धाकटा भाऊ मन्मथ आणि आशीर्वादाला बोलावलेले स्वामी. मी नांदेडला एका जिनिंग कारखान्यात हिशेबाच्या कामाला निघालो होतो. अप्पांचं किराणा दुकान होतं, पण गावात कुणाकडं उधारी मागायला जीभ रेटू नये असे ते दिवस होते. दोन मुलांपैकी एकानं बाहेर पडायचं, हे न बोलताच ठरलं होतं.

आमचं लिंगायतांचं घर. गळ्यात लिंग, सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी घालायचं, बेल-भस्म वाहायचं. ते पाणी म्हणजे तीर्थ. तीर्थ घेतल्याशिवाय दुसरं पाणी तोंडात घालायचं नाही, असा अप्पांचा नेम होता. टँकर यायचा तेव्हा पाण्यावरून बायकांची भांडणं लागायची, आंघोळ तांब्याभर पाण्यावर आली होती, पण पूजेचं पाणी अप्पांनी कधी चुकवलं नाही. पूजा झाली की आम्ही ओंजळ पुढं करायचो आणि अव्वा प्रत्येकाला एक एक पळी द्यायची. त्या उन्हाळ्यात दिवसाचं पहिलं पाणी तेच असायचं. तहान तिथूनच सुरू व्हायची, भागायची नाही.

स्टँडवर अव्वा म्हणाली, "काशीनाथा, तीर्थ घेतल्याबिगर पाणी पिऊ नको बाबा. मोठं गाव हाय, कोण कसलं पाणी देतंय काय कळतंय?"

मन्मथ म्हणाला, "अव्वा, तिथं नळ हायत. आता त्यानं नळाला विचारायचं का, तू लिंगायत हाईस का म्हणून?"

स्वामीसुद्धा हसले. अव्वा हसली नाही. गाडी सुटल्यावर मागच्या काचेतून बघितलं, तर ती मन्मथच्या पाठीत धपाटा घालत होती.

हे आता लिहायला बसलो, कारण शिवलीलानं एक प्रश्न विचारला. शिवलीला ही मन्मथची मुलगी, पुण्यात शिकते. मागच्या महिन्यात फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "काका, राग नका मानू. तुम्ही फंडामेंटलिस्ट आहात का?" फोन स्पीकरवर होता. माझी बायको त्या शब्दाचा मराठी अर्थ विचारत होती. मी सांगितलं, कट्टर. ती म्हणाली, "मग हो म्हणायचं की."

गावाकडं कट्टर हा शब्द शिवी नव्हता. आमच्या अप्पांना लोक कट्टर लिंगायत म्हणायचे आणि अप्पांना ते आवडायचं. लग्नाला परगावी गेले तरी ते घरचा शिधा बरोबर न्यायचे. कट्टर म्हणजे नेमाचा माणूस, मागं न फिरणारा. आता पेपरात तो शब्द दंगलीच्या बातम्यांत येतो. शिवलीलानं त्याचा अर्थ तिथून उचललेला, मी गावातून. आमचा घोळ इथूनच सुरू होतो.

नांदेडला मी भाड्याच्या खोलीत राहायचो. शेजारी एक ख्रिस्ती मास्तर राहायचे. पहिल्याच पावसाळ्यात मला कावीळ झाली, तेव्हा त्यांनी मला उकडलेलं अन्न दिलं, अंथरूण धुतलं. धर्माचं काही बोलले नाहीत. त्यामुळंच मी त्यांना त्यांच्या देवाबद्दल विचारलं. पुढची तीन वर्षं मी त्यांच्याकडं संध्याकाळच्या प्रार्थनेला बसत होतो. कुणी मला पैसे दिले नाहीत, नोकरी दिली नाही, बायको दिली नाही. लग्न नंतर झालं. गावात या तिन्ही अफवा उठल्या म्हणून हे लिहून ठेवतो. दिवसभर दुसऱ्यांची देणी-घेणी जुळवणाऱ्या माणसाला हिशेब न मागता माफ करणारा देव पटला, एवढंच मला सांगता येतं. मी बाप्तिस्मा घेतला. नाव काशीनाथच ठेवलं.

लिंग परत द्यायला मी स्वतः देवणीला गेलो. टपालानं पाठवणं मला भित्रेपणाचं वाटलं. अव्वानं ते पदरात घेतलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांची पूजा झाली, आणि ती नेहमीसारखी पळी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझी ओंजळ सवयीनं पुढं झाली होती. मी ती मागं घेतली.

त्या वर्षीही टँकर चालू होते. पाण्यापुढचा हात मागं घेणारा माणूस आमच्या घरानं तोवर पाहिला नव्हता.

अप्पा म्हणाले, "पाणीच हाय की रे."

अप्पांनी असं म्हणावं, हे मला फार लागलं. ज्या पाण्यासाठी त्यांनी अख्खं आयुष्य नेमात घातलं, त्याला ते माझ्यासाठी नुसतं पाणी म्हणायला तयार झाले होते. मी म्हणालो, "अप्पा, ते नुसतं पाणी असतं तर मी प्यालो असतो."

ते म्हणाले, "तुमच्या देवळात द्राक्षाचा रस देतेत म्हणं. त्यो साधाच असतोय का?"

"नाही. साधा नसतो."

"मग बराबर हाय," अप्पा म्हणाले आणि दुकान उघडायला निघून गेले. माझी बाजू माझ्या घरात एकट्या अप्पांना कळली, आणि म्हणूनच ती त्यांना सहन झाली नाही. पुढं कितीतरी वर्षं ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

अव्वानं मात्र वाट काढायचा प्रयत्न केला. उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा अप्पांनी दुकानाचा शिक्का बदलला नव्हता. बिलावर कितीतरी दिवस उस्मानाबाद जिल्हाच उमटत राहिला. कुणी टोकलं की अप्पा म्हणायचे, "जिल्हा बदलला म्हणून गाव हललं का?" अव्वाला ते वाक्य पाठ होतं. मी निघताना ती हळूच म्हणाली, "काशीनाथा, तुझंबी तसंच समज की. जिल्हा बदललाय. गाव तेच हाय, न्हवं का?"

तिला माझ्या तोंडून फक्त 'हो' ऐकायचं होतं. मी म्हणालो, "न्हाई अव्वा. गावच बदललं."

तेव्हा मला ते खरं वाटत होतं. आजही खरंच वाटतं. पण खरं असलं तरी ते वाक्य मी तिच्या तोंडावर म्हणालो आणि गाडीत बसलो.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा दाराच्या आत, उजव्या हाताला, एक पितळी तांब्या झाकून ठेवलेला होता. मी पायावर पाणी घेऊन आत आलो, तसा अव्वानं तो पुढं केला. "घे. साधं हाय." तीर्थाच्या भांड्यातलं नाही, पूजेच्या घागरीतलं नाही, वेगळं भरलेलं. त्यानंतर प्रत्येक खेपेला तो तांब्या तिथंच असायचा, आणि ती प्रत्येक वेळी तेच दोन शब्द म्हणायची. टंचाईच्या वर्षी तेवढं पाणी ती तिच्या वाट्यातून काढायची, हे मन्मथनं मला नंतर टोमणा म्हणून सांगितलं. "देवाच्या पाण्यात खोट काढतो, अन् आईच्या वाट्याचं पितो."

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. शिवलीला, तू तेव्हा दहा-अकरा वर्षांची असशील. तू दारात उभी होतीस आणि तू सगळं पाहिलंस. तुझा प्रश्न तिथूनच आलाय, हे मला माहीत आहे.

तेव्हा देवणी तालुका झाला होता, दुष्काळ पुन्हा आला होता. अव्वाला शेवटची घरघर लागल्याचा फोन आला. मी दुपारी पोचलो. ती अंथरुणावर होती, डोळे अर्धवट उघडे. अप्पा उशाला तीर्थाचं भांडं घेऊन बसले होते. घरातल्या प्रत्येकानं तिच्या तोंडात एक पळी घालायची होती. मन्मथनं घातली, त्याच्या बायकोनं घातली, तुझ्याकडूनही घालून घेतली. मग अप्पांनी पळी माझ्यापुढं धरली.

तीर्थ मी प्यायचं नव्हतं, तिला पाजायचं होतं. तिचं ते होतं, तिला ते हवं होतं. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं. पण ते तीर्थ माझ्या हातून जाणार होतं. जे मी मानत नाही ते मानल्यासारखं हातानं करायचं, आणि तेही तिच्या शेवटच्या श्वासाला, हे मला जमेना. तिच्यापुढं मी एकदाही खोटं वागलो नव्हतो. मी म्हणालो, "अप्पा, साधं पाणी आहे का?"

मन्मथ ओरडला, "आरं, आई मरायली! मरताना तरी तिचं पाणी चालू दे की! कट्टर मेल्या!"

अप्पांनी त्याला हातानं थांबवलं. ते उठले, दाराशी गेले आणि झाकलेला तांब्या घेऊन आले.

"भरलेला हाय," ते म्हणाले. "अंथरुणाला खिळल्यापासून रोज भरायला लावायली. म्हणायची, त्यो कवाबी येईल."

मी त्यातली एक पळी तिच्या ओठांत सोडली. थोडं आत गेलं, थोडं गालावरून ओघळलं. मला म्हणायचे होते ते दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. ते अप्पांनी म्हटले. तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "साधं हाय गं." मग तिच्या घशाखाली काहीच उतरलं नाही.

नांदेडला परतल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीत ही गोष्ट कुणीतरी सांगितली, आणि रविवारी उपासनेनंतर एका वडीलधाऱ्या माणसानं माझा खांदा थोपटला. "शेवटच्या घटकेलाही डगमगला नाहीत. विश्वासाची साक्ष टिकवलीत." मन्मथची शिवी मी सहन केली होती. ही शाबासकी मला सहन झाली नाही. मी चर्चच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि प्रभूला म्हणालो, मी काहीही टिकवलेलं नाही, मला एवढंच जमलं. पुढचे तीन रविवार मी गेलो नाही. नंतर गेलो. अजून जातो.

तर शिवलीला, उत्तर. दुसऱ्यानं माझ्यासारखं व्हावं म्हणून मी कधी कुणावर जोर केला नाही. अव्वाला तिचा देव सोड म्हणालो नाही. म्हणावंसंही वाटलं नाही. कट्टर म्हणजे तू म्हणतेस तो माणूस असेल, तर तो मी नाही. पण नियम मी फक्त स्वतःला लावतो, असं म्हणून मला सुटता येत नाही. माझ्या नियमापायी अव्वानं वीसेक वर्षं वेगळा तांब्या भरला. अप्पांसारखा कट्टर म्हणशील, तर मी त्यांचाच मुलगा आहे. तोंडात एक आणि मनात एक ठेवून पाणी प्यायचं नाही, हे मी कुठल्या पुस्तकात वाचण्याच्या आधी त्यांच्याकडून शिकलो होतो. मी चूक केली का, हे तू मला विचारलेलं नाहीस. विचारू नकोस. त्याचं उत्तर मला अजून येत नाही.

नांदेडात आमचं स्वतःचं घर आहे, नळाला दिवसाआड पाणी आहे, वरच्या मजल्यावर मुलाचं कुटुंब आहे. पण घर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं यातलं काही येत नाही. दाराच्या आतली उजव्या हाताची ती जागा येते. मागच्या खेपेला गेलो तेव्हा तिथं तुझी सायकल उभी होती.

अव्वाला रानात, आमच्या रीतीप्रमाणं, बसवून माती दिली. माती माझ्या नव्या रीतीतही देतात, म्हणून मूठभर माती मला सगळ्यांसारखीच टाकता आली. खर्चाची वेळ आली तेव्हा स्वामींची दक्षिणा मी देऊ केली. मन्मथ म्हणाला, "तुझं त्यात काय न्हाई." ते बरोबरच होतं. लोकांच्या आंघोळीसाठी आणि पूजेसाठी त्या दिवशी टँकर मागवला होता. तो रिकामा होऊन दारात उभा होता. अप्पा ओट्यावरून म्हणाले, "पाण्याचं त्याला देऊ द्या." म्हणून मी खाली उतरलो आणि टँकरवाल्याला साडेतीनशे रुपये दिले.