कानसेनचा खेळ

कानसेना, हे पत्र वाचून दाखवायला कुणाला बोलावू नकोस. डोळे तुझे शाबूत आहेत, आणि चौथीपर्यंत शिकलोय असं तूच सांगायचास. स्वतः वाच. राग आला तर गिळ. ते तुला छान जमतं.

तुझं हे नाव माझ्या जाऊबाईंनी ठेवलं. बहिऱ्याला कानसेन! आम्ही पोट धरधरून हसलो. तूही हसलास, कारण समोरचे हसताहेत एवढं तुला दिसत होतं.

बेटावर आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा तू बहिरा नव्हतास. हॉटेलची काचेच्या तळाची बोट तुझ्या ताब्यात होती. दारातच फळा होता: काय खावं, काय प्यावं, काय करावं. खावा भाजलेला मासा. तो तुझी बायको भाजायची. प्यावं शहाळं. करावी बोटीची सैर. फळ्यावरची तिसरी ओळ आपली, याचा तुला केवढा ताठा! काचेवर कुणी पाय ठेवला की खेकसायचास, "चपला हातात, बाई."

तिसऱ्या वर्षी वाकून मासे बघताना माझा चष्मा समुद्रात पडला. एक कान आधीच फुटलाय, डॉक्टरांनी बुडी मारायला मनाई केलीय, असं तू म्हणालास. मी म्हटलं, मग मी काय चाचपडत घरी जाऊ? तीन पुरुष खोल गेलास. चष्मा आणलास. दुसऱ्या कानातून रक्त आलं, ते खांद्याला पुसलंस. मी आधी काचांना चरे पडलेत का ते पाहिलं.

पुढच्या खेपेला तुझ्या कानात यंत्र होतं, आणि खारं पाणी जाऊन ते कधीच बंद पडलेलं. हे फक्त तुझ्या बायकोला ठाऊक. तू ओठ वाचून वेळ मारून नेत होतास. मॅनेजरला कळलं असतं तर बोट गेली असती. भोंगा ऐकू न येणाऱ्याच्या हाती माणसं कोण देईल? नियम चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणते.

पण ओठांवर प, ब, म तिन्ही सारखेच दिसतात. जाऊबाईंनी दुपारी सहा खेकडे आणि अर्धा अननस हाणला, आणि मग वाळूवर आडव्या पडून कण्हायला लागल्या, "पोट, अरे पोट!" तू धावत जाऊन बोट किनाऱ्याला लावलीस. वर हात धरून त्यांना चढवायला लागलास.

तेव्हा तुझ्या बायकोने मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. यंत्र रुमालात बांधून माझ्या हातात दिलं. शहरात दुरुस्त होतं म्हणतात, करून पोस्टाने पाठवा, तोवर कुठे बोलू नका. मी हो म्हटलं. जेवताना मॅनेजर आमच्या टेबलाशी आला, आणि किस्सा इतका झकास होता की मला राहवेना. पोट-बोट मी हातवाऱ्यांसकट सांगितलं. सगळे खदखदले. मॅनेजर सगळ्यात शेवटी हसला.

बोट गेली. तुला मात्र त्याने ठेवलं. पुढच्या वर्षी फळ्यावर तिसरी ओळ बदललेली: कानसेनचा खेळ, रोज सूर्यास्ताला. पाहुण्यांनी आवाज न काढता काही मागायचं, तू भलतंच करायचंस. एकाने केळीचं पान मागितलं. तू मान पुढे केलीस, खाली वाकून, खाटकासमोर करावी तशी. लोक लोटपोट. काही चुका तू मुद्दाम करतोस हे माझ्या लक्षात आलं. चुकला नाहीस तर तुला पोसणार कोण?

खेळ संपल्यावर तू माझ्यापाशी आलास. विचारलंस, "यंत्र झालं का, बाई?" मी सावकाश ओठ हलवले: दुकान बंद होतं.

नेमकं तेवढं तू बरोबर वाचलंस. म्हणालास, "वर्षभर?"

दुकान चालू आहे. माझ्याच गल्लीच्या तोंडाशी, औषधवाल्याला लागून. रोज भाजी आणताना मी त्याच्यासमोरून जाते. वेळ नव्हता असंही नाही. जाऊबाई उद्या तिकडे निघाल्यात, त्यांच्याकडे फक्त हे पत्र देते आहे. यंत्र माझ्या चष्म्याच्या डबीत आहे, तुझ्या बायकोच्या रुमालात, तिने बांधलेली गाठ तशीच.