शेख सरांचा सकाळचा वर्ग

आमच्या जुन्या कॉलेजच्या स्टाफरूममधले कुणीही दोघं भेटले, की चहा निवतोच. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्यानं तोंड उघडलेलं असतं! आणि निम्मे किस्से शेख सरांचे.

साठच्या दशकातली गोष्ट. शिरूरला कॉलेज नवं होतं. खेड्यापाड्यांतली पोरं मॅट्रिक होऊन यायची आणि इंग्रजीतलं पहिलं लेक्चर ऐकूनच गार व्हायची. म्हणून इंग्रजीच्या शेख सरांनी जूनमध्ये नव्या मुलांची चाचणी सुरू केली. जमलं, तर थेट वरचा वर्ग, तो दुसरे सर घेत. नाही जमलं, तर रोज कॉलेजच्या आधी तासभर सकाळचा वर्ग. तो शेख सर स्वतः घेत. वेगळा पगार नाही की काही नाही. मी गणिताचा, पेपर तपासायला त्यांच्या हाताखाली.

*

पहिल्याच वर्षी दौंडच्या रेल्वे कॉलनीतला अशोक आला. वडील गार्ड. शेजारी सगळे इंग्रजी बोलणारे, त्यामुळं हा फाडफाड बोलायचा. पण लिहायला बसवला, तर 'कॉलेज'चं स्पेलिंग 'के'पासून! त्याच दिवशी करडे गावचा एकजण आला. पेपर मोत्यासारखा, पण इंग्रजीत नाव विचारलं तरी घाम.

"आता यांना कुठं घालायचं?" मी विचारलं.

"एका बाकावर," सर म्हणाले. "एकाचं तोंड चालतंय, एकाचा हात. दोघांचा मिळून एक हुशार विद्यार्थी झालाय, आता त्याचे दोन करू!"

आणि केले!

*

एकदा एक बागायतदार आबा तावातावानं आत आले. गावचे सरपंच. "माझं पोरगं खालच्या वर्गात? गावात तोंड कसं दावू मी?"

सरांनी त्यांना खुर्ची दिली. "आबा, पाण्याची पाळी आली की आधी कुठलं रान भिजवता?"

"जे सुकाया लागलंय त्ये. ह्यात इचारायचं काय?"

"मग मी दुसरं काय करतोय?"

 आबा दाराशी उभ्या पोराकडं वळून ओरडले, "उद्यापास्नं लवकर उठायचं! सर पानी सोडत्यात!"

*

एका चाचणीत दोन शब्दांपैकी बरोबर शब्दाखाली रेघ मारायची होती. दत्तू नावाच्या मुलाचं एकूण एक उत्तर चुकलेलं! मी शून्य देऊन मोकळा झालो. सरांनी पेपर बघितला आणि दत्तूला बोलावलं.

"बाळ, इतकं नेमकं चुकायला इंग्रजी फार चांगलं यावं लागतं. खरं सांग."

दत्तू रडवेला झाला. "सर, माझा दोस्त नापास होनार हे मला ठावं व्हतं. आमच्या दोघांत एकच सायकल हाय. त्यो सकाळी आला, तर मी कसा येऊ?"

सरांनी त्याला वरच्या वर्गात घातलं. आणि सकाळच्या वर्गात दोस्ताशेजारी बसायची परवानगी दिली. पुढं दत्तूच त्या बाकाला शिकवायला लागला!

*

आणि मग सरांची लेक मेहरुन्निसा चाचणीला बसली.

थोडक्या मार्कांनी नापास झाली. मी पेपर पुन्हा तपासला, तिसऱ्यांदा तपासला. कुठंच मार्क वाढेना. प्रिन्सिपॉल हळूच म्हणाले, "शेख, घ्या वरच्या वर्गात. कोण विचारणार आहे?"

"मेहरून विचारेल," सर म्हणाले. "रोज जेवायला समोरच बसते."

पोरगी सकाळच्या वर्गात गेली. यादी लागली त्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते, सरांचा चेहरा उतरलेला होता. पण हजेरीला ती इतरांसारखंच "प्रेझेंट, सर" म्हणायची.

दिवाळीच्या आधी पुन्हा चाचणी झाली. मेहरून चांगली पास! आम्ही सगळ्यांनी सरांचं अभिनंदन केलं. तेवढ्यात ती स्वतःच स्टाफरूमच्या दारात आली.

"सर, मला वरच्या वर्गात जायचं नाही."

"का? पास झालीस ना?"

 ती खाली बघत म्हणाली, "घरी शिकवताना तुम्ही ओरडता, अब्बा. वर्गात कधीच ओरडत नाही."